सत्तावीस शुभेच्छुक आणि दुपारची झोप

माणसाला खरंखुरं स्वातंत्र्य हवं असेल तर त्यानं घराला चाकं लावावीत, असं एक वाक्य हेमचंद्ररावांनी उजवा हात उंचावून उच्चारलं. वाक्य चांगलं होतं. हातही योग्य उंचीवर गेला होता. फक्त त्या वेळी डावा हात टॉवेलची गाठ सांभाळण्यात गुंतला होता, आणि ज्या घरगाडीत उभं राहून ते बायकोला हे ऐकवत होते तिच्या पाचही खिडक्यांना अजून पडदे नव्हते. गाडी संगमनेरच्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासाभरापूर्वीच येऊन लागली होती, आणि आतलं न्हाणीघर चालतं का हे पाहायला हेमचंद्रराव दोन तांबे अंगावर घेऊन बाहेर आले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून कल्याणरावांनी टाळ्या वाजवल्या. त्या वाक्यालाच होत्या, असं कल्याणराव नंतर शपथेवर सांगत. पण सांगताना हसत.

गाडी म्हणजे त्यांच्या जीपच्या मागं जोडायची पत्र्याची चौदा फुटी खोली. एरवी दुधाच्या गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या वैजनाथनं ती बांधली होती. "साहेब, दोन खिडक्या पुरेत," असं तो म्हणाला होता. पण चौतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माणसाला दोन खिडक्या पुरत नाहीत. मोडीत निघालेल्या एका टुरिस्ट बसच्या पाच सरकत्या काचा मिळाल्या. पाचही वेगळ्या मापाच्या. बाहेरचं सगळं जग आतून दिसावं अशी हेमचंद्ररावांची योजना होती, आणि ती सफल झाली. आतलं सगळं बाहेरून दिसेल हा योजनेचा उत्तरार्ध मात्र त्यांनी वाचलाच नव्हता.

सुचित्राबाईंनी तो वाचला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी येईन. पण माझी एकच अट आहे."

त्या अटीला कारण होतं. त्यांचा फ्लॅट तळमजल्यावर, जिन्याला लागून. तळमजल्यावरच्या बाईचं घर हे घर नसतं, ते सोसायटीचं चौकशी खातं असतं. सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडं, सगळ्यांची पार्सलं त्यांच्याकडं, गॅसवाला, मीटरवाला, पाहुणे, सगळे आधी त्यांच्या खिडकीतून डोकावणार आणि म्हणणार, "काकू, झोपला नव्हता ना?" शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि बाईंना अजून दुपारी सलग अर्धा तास डोळा लागला नव्हता.

"मला एक दुपार हवी," त्या म्हणाल्या. "पाय पसरून झोपलेय आणि मला कोणी बघत नाहीये, अशी. मग ते पुणतांबा असो नाही तर काश्मीर. पडदे लागले तर मी येते. नाही तर तुम्ही आणि तुमची चाकं."

पडदे ही किरकोळ बाब आहे, असं हेमचंद्रराव म्हणाले. किरकोळ बाबींबद्दल सोसायटीत लोकांची मतं फार पक्की असतात. कल्याणरावांनी काळी फिल्म सुचवली. तिसऱ्या मजल्यावरच्या रुपालीताईंनी जुन्या साड्या सुचवल्या आणि चार आणूनही दिल्या; त्यांतली एक सुचित्राबाईंनीच त्यांना वास्तुशांतीला दिली होती. तिचा फॉल-पिकोसुद्धा झालेला नव्हता. बाईंनी ती घडी काही न बोलता कपाटात ठेवली. शेजारसंबंधांत अशा गोष्टी बोलायच्या नसतात, लक्षात ठेवायच्या असतात.

दुसरा कोणी असता तर त्यानं त्या दिवशीच बाजारात जाऊन कापड आणलं असतं. हेमचंद्ररावांनी अर्ज लिहिला. 'विषय : घरगाडीच्या खिडक्यांना पडदे बसविण्यास अनुमती मिळणेबाबत.' ही अनुमती घ्या असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पण उद्या कोणी विचारलं तर कागद असावा, या एकाच तत्त्वावर हेमचंद्ररावांचं सगळं आयुष्य उभं होतं.

परिवहन खात्याच्या टेबलावरच्या माणसानं अर्ज दोनदा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची हळहळ होती.

"काका, हे तुम्ही विचारलंत कशाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे विचारलं नसतं तर आम्ही नाही म्हटलं नसतं. आता लेखी विचारलंत. आता उत्तर द्यावं लागणार." थोडा विचार करून तो म्हणाला, "काळी फिल्म चालणार नाही, एवढं मला नक्की माहीत आहे. पडद्याचं म्हणाल तर, आत माणूस राहणार ना? मग हे घर झालं. घराचं आमच्याकडं नाही."

घराचं जिथं होतं त्या नगरपालिकेतल्या बांधकाम परवान्याच्या टेबलावर एक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी छापील फॉर्म पुढं ओढला आणि पेन उघडलं.

"खिडकीसमोर मोकळी जागा किती फूट सोडलीय?"

"ते गाडी कुठं उभी केलीय त्यावर आहे," हेमचंद्रराव म्हणाले.

गृहस्थांनी पेन बंद केलं. त्यांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत असं उत्तर पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी हेमचंद्ररावांना चहा पाजला आणि फॉर्म कोराच परत दिला.

शेवटी पडदे शिवले सहादेव टेलरनं, हेमचंद्ररावांनी स्वतः घेतलेल्या मापानं. त्यांनी माप काचेचं घेतलं, नेमकं, दोरा इकडं की तिकडं नाही. पडदा काचेपेक्षा मोठा लागतो हे सहादेवनं सांगून पाहिलं. "माप म्हणजे माप," हेमचंद्रराव म्हणाले. स्प्रिंगच्या तारेवर पडदे चढले तेव्हा प्रत्येक खिडकीच्या दोन्ही कडांना दोन-दोन बोटं उजेड राहिला. माणसाच्या डोळ्याला दोन बोटं पुष्कळ होतात.

"चालेल," सुचित्राबाई म्हणाल्या. त्यांना झोप हवी होती.

माघातल्या एका सकाळी गाडी निघाली. पुणतांब्याला गोदावरीच्या काठी कानिफनाथचा मळा होता. कानिफनाथ कॉलेजात असताना त्याचा हरवलेला दाखला हेमचंद्ररावांनी एका दिवसात काढून दिला होता. तेव्हापासून तो दर हंगामाला कांद्याची गोणी पाठवायचा आणि 'साहेब, येकदा मळ्यात या' म्हणायचा. साहेब आता घरासकट येत होते.

पहिल्याच गतिरोधकाला पाचही पडदे एका बाजूला पळाले. पुढं ब्रेक मारला की पुढं, गिअर टाकला की मागं. बसच्या जुन्या काचा खडखडून आपोआप उघडत होत्या, आणि लोणी गावाच्या अलीकडं पडदे खिडक्यांतून बाहेर पडून फडफडायला लागले. रस्त्याकडेच्या हॉटेलात बसलेल्या लोकांनी लग्नाची गाडी समजून हात केले. एक पडदा सुटून मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवर जाऊन बसला. ट्रॅक्टरवाला भला माणूस. त्यानं पाठलाग करून गाडी थांबवली.

"मावशे, तुमची साडी पडली."

"साडी नाही, पडदा आहे," हेमचंद्रराव ताठ होऊन म्हणाले.

"आसंल," ट्रॅक्टरवाला म्हणाला, आणि बाईंकडं पाहून त्यानं समजूतदारपणे मान हलवली.

मळ्यात पोचेपर्यंत तीन तारा तुटल्या होत्या. चिंचेखाली गाडी लागली, आणि राहीबाईनं, म्हणजे कानिफनाथच्या बायकोनं, पिठलं-भाकरी वाढली. जेवण झाल्यावर सुचित्राबाई गाडीत गेल्या. उरलेले पडदे चिमट्यांनी अडकवले आणि आडव्या झाल्या. दोन मिनिटांत बाहेर प्लास्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कानिफनाथचे चुलते पुंजारामबाबा नेमके मोठ्या खिडकीसमोर, आत तोंड करून बसले होते.

हेमचंद्रराव बाहेर गेले. "बाबा, तुम्ही घरात जाऊन आराम करा ना."

"म्या? पाव्हन्यास्नी येकलं टाकून?" बाबांना ही कल्पनाच सहन झाली नाही. "लोकं शान घालतील तोंडात. तुमी बिनघोर ऱ्हावा, म्या बसलो हाय हितं."

मग ते पुढं वाकले, दोन बोटांच्या फटीतून त्यांनी आत पाहिलं आणि मायेनं म्हणाले, "ताई, उजव्या कुशीवर झोपा. डावीनं पित्त हुतं."

सुचित्राबाई उठून बसल्या. त्या दिवशी दुपार संपली.

इथं रागवायला कोणी नव्हतं, ही खरी अडचण होती. पाहुण्याला एकटं न सोडणं हे त्या मळ्यात भाकरीइतकंच आवश्यक होतं. बाबा उठले की कानिफनाथ येऊन बसायचा, तो उठला की शेजारचं कोणी. रात्री तर कोणी गाडीत झोपूच दिलं नाही. "आमचं घर आसताना तुमी पत्र्यात निजनार व्हय?"

सकाळी हेमचंद्ररावांनी कानिफनाथला एकीकडं घेऊन मोकळेपणानं सांगितलं. पडद्याचं काहीतरी करायला हवं.

"आत्ता बोलला का साहेब!" कानिफनाथ उजळला. "फ्लेक्स हाय की आपल्याकडं. कांदा झाकायला ठिवलाय. वारं न्हाई, पानी न्हाई, कायबी आत जात न्हाई."

फ्लेक्स वीस फुटी होता आणि बापूसाहेबांच्या वाढदिवसाचा होता. बापूसाहेब म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. मधोमध त्यांचा गॉगल लावलेला चेहरा, वर शुभेच्छा, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो, ओळीनं. कानिफनाथनं या वेळी माप सगळीकडून चार-चार बोटं जास्त घेतलं, विळ्यानं पाच तुकडे केले आणि आतून लाकडी पट्ट्यांनी ठोकून टाकले. फट म्हणून राहिली नाही. बाहेरून बरं दिसावं म्हणून हेमचंद्ररावांनी छापील बाजू आत करायला लावली होती.

सुचित्राबाई दुपारी आत गेल्या आणि पाच मिनिटांत दारात आल्या.

"सत्तावीस आहेत."

"काय सत्तावीस?"

"शुभेच्छुक. मोजले मी. बापूसाहेब वेगळे. पलंगासमोर तर कानिफनाथच आहे, कानाला फोन लावून बघतोय माझ्याकडं."

"अगं, फोटो आहेत ते."

"पुंजारामबाबा निदान पापणी तरी लववतात!"

संध्याकाळी पट्ट्या उचकटून फ्लेक्स उलटे केले. आता छापील बाजू बाहेर, काचेला लागून. आत पांढरं शुभ्र. पलंगावर बसून बाईंनी चारी बाजूंना पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून हेमचंद्ररावांना निवृत्तीच्या सत्कारात झाला नव्हता एवढा आनंद झाला.

सगळ्या जिल्ह्यात निवडणुका लागल्या होत्या हे त्यांना पेपर वाचून ठाऊक होतं. पण पेपरमधल्या गोष्टी आपल्या गाडीला लागू होतात असं मध्यमवर्गीय माणसाला सहसा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, बाई आत जाऊन पडल्या, आणि बांधावरून एक म्हातारे गृहस्थ आले. गाडीवरचा बापूसाहेबांचा अर्धा चेहरा पाहून त्यांनी टोपी नीट केली.

"सायेब आत हायेत का?"

"कोण साहेब? इथं कोणी नाही. ही आमची गाडी आहे."

"व्हय व्हय, आराम करत आसत्याल," म्हातारा समजून म्हणाला. "येवढा आर्ज ठिवा. डीपी जळालाय आमचा, तीन हप्ते झालं लाइट न्हाई."

हेमचंद्ररावांनी अर्ज नाकारायला हवा होता. पण अर्जावर तारीख नव्हती. तारीख नसलेला अर्ज पाहिला की त्यांचा हात आपोआप पुढं जायचा. त्यांनी म्हाताऱ्याकडून तारीख घालून घेतली, विषय नीट लिहून घेतला, आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं कोपऱ्यात 'आवक क्र. १' घालून सही करून पोच दिली. म्हातारा थक्क झाला. इतक्या वर्षांत त्याला कोणीच पोच दिलेली नव्हती. ही बातमी वस्तीवर पोचायला दहा मिनिटं लागली. आवक क्रमांक सहापर्यंत गेला तेव्हा बांधाशी पांढरी जीप थांबली. काचेवर 'निवडणूक कर्तव्यार्थ'.

ते भरारी पथक होतं. पथकाच्या प्रमुख निवेदिता मॅडम, तिशीतल्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. बरोबर एक हवालदार आणि एक व्हिडिओवाला. मॅडमनी गाडीला फेरी मारली. एका खिडकीत बापूसाहेबांचा डावा डोळा, दुसरीत मिशी, तिसरीत 'हार्दिक' एवढंच. दारापाशी टेबल, टेबलावर अर्ज, अर्जांवर पोच.

"प्रचाराचं वाहन आहे. परवानगी?"

"हे पडदे आहेत," हेमचंद्रराव म्हणाले.

"प्रचारकार्यालयही चालवताय. अर्ज कोण घेतंय?"

"मी. पण ते... तारखा नव्हत्या त्यांच्यावर."

मॅडमनी व्हिडिओवाल्याला खूण केली. तो कॅमेरा डोळ्याला लावून थेट आत शिरला, आणि आतून ओरडण्याचा आवाज आला. नंतर सुचित्राबाई दारात आल्या. केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. गालावर घडी उमटली याचा अर्थ हेमचंद्ररावांच्या लक्षात आला. बाईंना खरोखर झोप लागली होती.

"तीन वर्षांत पहिल्यांदा डोळा लागला," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि सरकार आत आलं. कॅमेरा घेऊन."

व्हिडिओवाल्यानं कॅमेरा पाठीमागं लपवला. हेमचंद्ररावांनी मग घरगाडीची फाइल काढली आणि मॅडमच्या हातात दिली. पडद्याचा अर्ज, त्याची पोच, कोरा परत आलेला फॉर्म, सहादेवची पावती. मॅडमनी सगळं वाचलं. मग पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

"काका, हे सगळं तुम्ही काकूंच्या दुपारच्या झोपेसाठी केलंत?"

"किरकोळ बाब आहे," हेमचंद्रराव खाली पाहत म्हणाले.

"बाई, तुम्ही शेवटचं कधी झोपला होता?" सुचित्राबाईंनी मॅडमना विचारलं.

"निवडणूक जाहीर झाली त्याच्या आदल्या दिवशी," निवेदिता मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी कामाचा आवाज काढला. "चेहरे झाकावे लागतील. नियम आहे. कागद आणा."

जीपमधून पांढऱ्या कागदाचा रोल आला, खळ आली. चौकातले पुतळे नि कोनशिला झाकण्याचा हवालदाराचा हात बसलेला होता. वीस मिनिटांत त्यानं पाचही काचा बाहेरून कडेपर्यंत चिकटवून टाकल्या, कुठं सुरकुती नाही. सहादेवला, वैजनाथला, कानिफनाथला जे जमलं नव्हतं ते शासनानं खळ लावून करून दाखवलं. मॅडमनी प्रत्येक खिडकीवर सही केली. पंचनाम्यात, हेमचंद्ररावांच्या विनंतीवरून, एक वाक्य वाढवलं : आचारसंहिता संपेपर्यंत कागद काढू नये, त्यास हात लावू नये अथवा त्यातून आत पाहण्याचा प्रयत्न करू नये. सहा अर्ज योग्य त्या कार्यालयाकडं पाठवण्यासाठी त्यांनी ताब्यात घेतले. आवक क्रमांक घातलेले असल्यानं त्यांना ते बरंच वाटलं.

पुंजारामबाबांना पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवला. ते खुर्ची घेऊन आदरानं मागं सरकले. सरकारी कागदापुढं पाहुणचाराचंही चालत नाही.

सुचित्राबाई आत जायला वळल्या, तेव्हा राहीबाई दाराशी उभी होती. हात पदराला पुसत. दोन दिवसांत ती एकदाही आत आली नव्हती.

"ताई, दार आतून लागतं का हेचं?"

"लागतं की. का गं?"

राहीबाईनं मागं वळून घराकडं पाहिलं. "म्या हितं आल्यापासनं दिवसा पाठ टेकली न्हाई. टेकली तर समदे इचारत्यात, बरं न्हाई का, दवाखान्यात न्यायचं का. मंग उठून बसावं लागतं." ती थांबली. "अर्धा घंटा. कुनाला सांगू नगा."

सुचित्राबाईंनी तिचा हात धरला आणि तिला आत ओढलं. कडी आतून लागली. हेमचंद्रराव बाहेर राहिले. वास्तविक आपणही आत असू, असा त्यांचा समज होता. योजनेत तसा स्पष्ट उल्लेख नसला तरी. पण त्यांनी घडीची खुर्ची उघडली, गाडीला लागून ठेवली आणि पंचनामा मांडीवर घेऊन बसले.

थोड्या वेळानं कानिफनाथ आला. "साहेब, आमची मंडळी दिसली का? च्या टाकायचा हुता."

खोटं बोलण्याची हेमचंद्ररावांना सवय नव्हती. त्यांनी पंचनामा पुढं केला आणि 'आत पाहण्याचा प्रयत्न करू नये' या शब्दांवर बोट ठेवलं.

"आत आचारसंहिता चालू आहे," ते म्हणाले.

कानिफनाथनं कागद पाहिला, बंद दार पाहिलं, दारापाशी काढलेल्या दोन जोडी चपला पाहिल्या. त्यातली एक जोडी त्यानंच राहाता गावच्या बाजारातून आणलेली होती.

"मंग आसू द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "च्या मीच टाकतो. साखर कुठं आसती तेवढं शोधावं लागंल." आणि खरंच गेला.

ऊन कलायला लागलं होतं. मळ्यात पाण्याच्या मोटारीचा लांबून येणारा आवाज, आणि पत्र्याच्या आतून, एक बारीक आणि एक जाड, असं दोन सुरांतलं घोरणं. हेमचंद्ररावांनी पाठ टेकली. चौतीस वर्षांत आपल्या हातून एक तरी प्रकरण पूर्णपणे निकाली निघालं, असं त्यांना वाटलं. डोळ्यांच्या कडा किंचित ओल्या झाल्या. ते एकटेच होते, म्हणून त्यांनी पुसल्या नाहीत.

एवढ्यात आतलं एक घोरणं थांबलं. आतून पत्र्यावर हलकेच दोन टिचक्या वाजल्या आणि सुचित्राबाईंचा दबका आवाज आला.

"अहो."

"काय गं?" ते लगबगीनं उठले. "काही हवंय का?"

"खुर्ची उचलून जरा पलीकडं बसता का? तुमची सावली पडतेय पडद्यावर. कोणीतरी बघतंय असं वाटतं."